बाजातली सोळा मशिनं

मे महिना आला की ग्वाल्हेरच्या लोकांना आंबा आठवतो, पन्हं आठवतं, माहेर आठवतं. मला चीड येते. कूलरला वाळ्याची नवीन खस लावली, पहिलं पाणी सोडलं आणि तो ओला वास खोलीभर पसरला की बाकीची माणसं डोळे मिटून सुस्कारा टाकतात. माझ्या कपाळावर आठी पडते, कारण त्या वासाबरोबर प्रॅक्टिकल परीक्षेच्या तारखा येतात आणि तारखांबरोबर फायली येतात. आज सकाळीही तेच झालं. नवऱ्याने कूलर चालू केला, चहाचा कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, "अशी तोंड पाडून का बसलीस? काय होऊन गेलं?" काय होऊन गेलं ते त्याला चांगलं ठाऊक आहे. मागच्या मे महिन्यात झालं आणि अजून ते माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

मी एका खासगी कॉलेजात संगणकाची लॅब सांभाळते आणि नेटवर्क-सर्व्हर हा विषय शिकवते. 'शिकवते' हा शब्द मी जरा जपून वापरते. उन्हाळा लागला की, नेमक्या आमच्या विषयाच्या प्रॅक्टिकलच्या दिवसांत, आमची लॅब नोकरभरतीच्या ऑनलाइन परीक्षांसाठी भाड्याने जाते. दाराला कुलूप, कुलपावर कागदाची पट्टी, पट्टीवर कुणाची तरी सही. आत साठ संगणक, बाहेर माझी सोळा मुलं आणि मध्ये स्टुलावर बसलेला एक पाहुणा चौकीदार, जो मला रोज नव्याने विचारतो, "मैडम, आपको किससे मिलना है?" बारा वर्षं मी त्या कॉलेजात आहे. माझ्याच लॅबच्या दाराशी उभं राहून मी कुणाला भेटायचं आहे ते सांगायचं.

मग मुलं प्रॅक्टिकल करतात कुठे? कागदावर. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आमच्याकडे प्रत्येक मुलाची एक प्रॅक्टिकल फाइल असते, बारा प्रयोगांची. उजव्या पानावर निळ्या शाईने कृती लिहायची आणि डाव्या कोऱ्या पानावर संगणकाचा पडदा काढायचा. हो, काढायचा. पट्टीने चौकोन आखायचा, कोपऱ्यात बंद करण्याची फुली काढायची आणि आत, सर्व्हरने जे उत्तर दिलं असतं, ते बारीक अक्षरात पेन्सिलीने उतरवायचं. उत्तर कुठून आणायचं? मागच्या वर्षीच्या फाइलमधून. त्या मुलाने कुठून आणलं? त्याच्या मागच्या वर्षीच्या फाइलमधून. काही मुलींची फाइल इतकी देखणी असते की लग्नाच्या रुखवतात मांडावी. त्या फाइलच्या मालकिणीने सर्व्हर नावाची वस्तू एकदाही चालवलेली नसते.

मार्च संपता संपता माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. लॅब आपल्याला मिळत नाही ना, मग लॅबच उचलून न्यायची. आजकाल एका बऱ्या संगणकाच्या पोटात अनेक खोटेखोटे संगणक बसवता येतात. एका मोठ्या खोलीत पडदे बांधून बिऱ्हाडं थाटतात, तसंच काहीसं. प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी, दार वेगळं, आणि एकाचं भांडण दुसऱ्याला ऐकू जाऊ नये. सोळा मुलं, सोळा बिऱ्हाडं. बरोबर एक छोटा वायफायचा राउटर ठेवला की मुलांनी आपापल्या मोबाइलवरून आपल्या मशीनमध्ये शिरायचं. बिघडवायचं, पुसायचं, पुन्हा उभं करायचं. परीक्षेच्या आधी एकदा तरी या पोरांनी आपल्या हाताने सर्व्हर चालवावा, एवढीच माझी इच्छा होती. ती काही फार मोठी नव्हती, असं मला तेव्हा वाटत होतं.

नई सडकेवरच्या एका दुकानात कुठल्यातरी ऑफिसमधून निघालेले छोटे संगणक विकायला होते, जाडजूड पुस्तकाएवढे. दिवाळीची साडी घेतली नव्हती, त्या पैशांत एक बसला. घरी आणून पाहते तर ज्या एका सेटिंगशिवाय पोटात बिऱ्हाडं थाटताच येत नाहीत, ते बंद, आणि त्यावर जुन्या ऑफिसचा पासवर्ड. तोंडाला ओढणी गुंडाळून पुन्हा नई सडक. दुकानदार मशीन लावून दाखवतो, "दीदी, चल तो रहा है." मी म्हणते, चालतंय हो, पण मला हवं तसं चालत नाही. तो म्हणतो, "गाना बज रहा है, और क्या चाहिए?" अशा तीन फेऱ्या झाल्या. बाराच्या उन्हात स्कूटीचं सीट तव्यासारखं तापलेलं, डोळ्यांत लूच्या झळा, आणि त्या संगणकातून गाणं मात्र छान वाजत होतं. शेवटी मीच तो उघडला. बोर्डावर दोन पिनांवर बसवलेली नखाएवढी निळी टोपी होती, ती चिमट्याने काढली, पासवर्ड गेला आणि ते सेटिंग चालू करता आलं. त्या टोपीविषयी दुकानदाराला काहीही माहीत नव्हतं, आणि सांगायला गेले तेव्हा त्याने ऐकूनही घेतलं नाही.

आता हे सगळं सामान न्यायचं कशात? माझे सासरे, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेत. त्यांची हार्मोनियम केव्हाच एका भजनी मंडळाला देऊन झाली होती, पण तिची लाकडी पेटी माळ्यावर होती. नानांनी ती उतरवली, फडक्याने पुसली, बाजूंना भोकं पाडली, एक पंखा बसवला. सिग्नलचा माणूस, प्रत्येक वायरला कागदी चिठ्ठी बांधली. मग हँडल धरून वजन तोलून पाहत म्हणाले, "सूनबाई, मशीन गरम होऊन गेली तर झाकण उघडून ठेवायचं, बस. आणि स्कूटीवर पायाशी ठेव, मागे नको लावू." आमचे पूर्वज म्हणे दक्खनेतून घोड्यावर बसून इथे आले, हाताखाली फौजा घेऊन. मी हार्मोनियमची पेटी पायाशी धरून फूलबागेला वळसा घालत कॉलेजात शिरले, तेव्हा गेटवरच्या दोन शिक्षकांनी विचारलं की आज भजन कुठे आहे. इकडे हार्मोनियमला बाजा म्हणतात; मुलांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'मॅडमचा बाजा' ठेवलं, आणि तेच रूढ झालं.

विभागप्रमुखांना दाखवायचा दिवस मला नीट आठवतो, कारण तो विसरावा म्हणून मी बरेच प्रयत्न केले आहेत. चित्रकलेच्या हॉलबाहेरचा व्हरांडा मिळाला होता. स्टाफरूममधून लांब वायर ओढली, बाजा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. सोळा मुलं मोबाइल घेऊन भिंतीला टेकून बसली. सर आले, खुर्चीत बसले, मी म्हटलं, "शुरू करो." आणि गोंधळ. एक आत शिरला की दुसरा बाहेर फेकला जायचा. एकाने बनवलेली वस्तू दुसऱ्याला आपल्या मशीनमध्ये दिसायची. कुणाचं मशीन कुणाचं, काही कळेना. सर पाच मिनिटं बसले आणि उठताना म्हणाले, "मैडम, मेहनत तो अच्छी है. फाइलें समय पर करवा लीजिएगा." त्यांचा आवाज गोड होता, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

बाकीची मुलं पांगली. एक मुलगी बसून राहिली. केतकी. पाटणकर बाजारातल्या एका कापडदुकानात तिचे वडील गिऱ्हाईकांना थानं उलगडून दाखवतात. घरी संगणक नाही; मोबाइल आहे, त्याची काच तडकलेली. वर्गात ती फारसं बोलत नसे. मला वाटे, तिला समजत नाही.

"मॅडम, एक विचारू? मी आणि रोहित एकाच मशीनमध्ये होतो. मतलब, नाव वेगळं लिहिलेलं होतं, पण आत एकच होतो."

"असं कसं होईल? मी सोळा बनवली आहेत."

"बनवली की एक बनवून कॉपी केली?"

कॉपीच केली होती. एक मशीन मी मोठ्या प्रेमाने उभं केलं होतं आणि मग त्याच्या पंधरा नकला मारल्या होत्या. प्रत्येक मशीनच्या आत त्याची ओळख सांगणारा एक लांबलचक आकडा असतो. नकलेबरोबर तो आकडाही तस्साच उतरला होता. राउटरला वाटलं सगळं एकच मशीन, त्याने सगळ्यांना एकच पत्ता दिला. वर्षानुवर्षं नकलांवर तोंडसुख घेणाऱ्या बाईने काय केलं, तर पंधरा नकला केल्या आणि वर तपासल्यासुद्धा नाहीत. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी तिला उगाच रागावले, "मग आधी का नाही बोललीस?" ती म्हणाली, "सर बसलेले होते ना." मग आम्ही दोघींनी एकेक मशीन उघडून त्याला आपापला आकडा दिला. ती तडकलेल्या काचेवर अंगठ्याने टाइप करत होती आणि माझ्यापेक्षा भराभर करत होती.

त्यानंतरचे तीन आठवडे मात्र चांगले गेले, हे मला कबूल केलंच पाहिजे. चिडक्या माणसाने चांगलं झालेलंही लिहून ठेवावं, नाहीतर त्याच्या चिडण्याला किंमत राहत नाही. सकाळी साडेसातला व्हरांड्यात गारवा असायचा. कुणीतरी काकड्या आणायचं, कुणीतरी पुडीत मीठ-तिखट. झाकण उघडं टाकलेल्या बाजातून पंख्याचा बारीक आवाज यायचा आणि सोळा माना मोबाइलवर वाकलेल्या असायच्या. मग एकाएकी कुणाचा तरी आवाज: "मॅडम, माझं तर पूरं उडून गेलं." आणि मी म्हणायची, "उडू दे. परत लाव." बारा वर्षांत मी हे वाक्य कधी म्हटलं नव्हतं. कागदावर काहीच उडत नाही, मग परत लावायला तरी काय सांगणार? अकराच्या सुमारास व्हरांडा तापायचा, बाजा हात लावू देईना असा गरम व्हायचा, आणि आम्ही झाकण लावून उठायचो.

केतकीने आपलं मशीन अकरा वेळा मोडलं. मुद्दाम. मोडायचं आणि कुठे मोडलं ते शोधत बसायचं, हे तिला वेडच लागलं. मधल्या काळात पुण्याच्या एका लहान कंपनीने मुलाखती घेतल्या, मोबाइलवरच. त्यांनी तिला विचारलं की बिघडलेला सर्व्हर कसा ओळखाल. ती म्हणे वीस मिनिटं बोलत होती. निवड झाली. पुण्यात मावशी राहायची, सोय होती. अट एकच: शेवटच्या वर्षाला एकाही विषयात नापास होऊन बॅक लागता कामा नये. तिची आई पेढे घेऊन माझ्या घरी आली आणि नानांच्या पाया पडली. नाना म्हणाले, "मुलगी सिग्नल बघून चालते. पुढे जाईल."

परीक्षेच्या आठ दिवस आधी केतकीने मला व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम, फाइल लिहायची राहून गेली आहे. चारच प्रयोग झाले. बाकीचे आता कॉपी करून टाकू का? रोहित देऊन देईल."

आणि मी, बारा वर्षं त्या कॉलेजात काढलेली, सगळं ठाऊक असलेली बाई, काय म्हणाले? म्हणाले, "कॉपी कशाला करतेस? तू सगळं केलेलं आहेस. परीक्षकाला मशीनवर दाखवू. फाइलचं मी बघते."

तिने मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला. त्या वेळी मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता! तो आठवला की आजही अंग चोरावंसं वाटतं.

परीक्षक बाहेरगावचे होते, माणूस सभ्य. त्यांना त्याच दिवशी आणखी दोन कॉलेजं करायची होती. टेबलावर फायलींचा गठ्ठा, शेजारी समोसे, फायलींवर पाण्याचा ग्लास. ते पानं उलटून प्रयोग मोजत होते, बारा झाले की लाल टिक, एखादा प्रश्न, पुढचा. केतकीची फाइल चौथ्या प्रयोगाला थांबली. त्यांनी कोरी पानं शेवटपर्यंत उलटून पाहिली.

"बेटा, बाकी?"

मी मध्ये पडले. म्हटलं, सर, हिने सगळं प्रत्यक्ष केलं आहे, पाच मिनिटं द्या, मशीनवर विचारा. विभागप्रमुख खोकले. पण परीक्षक म्हणाले, "चलिए, देख लेते हैं." बाजा उघडला. त्यांनी तिच्या मशीनमधली एक गोष्ट स्वतः बिघडवली, तिला पाठ करून उभं राहायला सांगून. केतकीने वळून मोबाइल हातात घेतला. समोसा संपायच्या आत तिने बिघाड सांगितला, दुरुस्त केला, आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं तेही सांगितलं. परीक्षक खरोखर खूश झाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बहुत बढ़िया बेटा. मेरे यहाँ कोई नहीं कर पाता." मी केतकीकडे पाहिलं, ती माझ्याकडे. आम्हाला वाटलं, जिंकलो.

मग ते पुन्हा खुर्चीत बसले, फाइल पुढे ओढली आणि तिच्या नावापुढे नापास लिहिलं.

मी भांडले. माझा आवाज चढला, हे नंतर विभागप्रमुखांनी मला दोनदा सांगितलं. परीक्षकांचा आवाज मात्र शेवटपर्यंत चढला नाही. "मैडम, मैंने देखा, आपने देखा. साल भर बाद कोई पूछेगा तो मैं क्या दिखाऊँगा? फाइल जमा होती है, मशीन जमा नहीं होती." यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, आणि माझ्या चिडीचं मूळ बहुधा तेच आहे. तो दुष्ट असता तर बरं झालं असतं, निदान घरी येऊन त्याला शिव्या देता आल्या असत्या.

गुणपत्रकावर दोन सह्या लागतात, एक बाहेरच्या परीक्षकाची आणि एक माझी. मी पेन खाली ठेवलं. विभागप्रमुख माझ्याजवळ वाकून म्हणाले की सही नाही तर सोळाही मुलांचा निकाल अडकेल. पंधरा मुलं दाराबाहेर उभी होती, त्यांतल्या दोघांच्या नोकऱ्या ठरल्या होत्या. मी सही केली. माझ्या पुऱ्या नावाची, नेहमीसारखी वळणदार.

पुण्याच्या कंपनीने दहा दिवस वाट पाहिली आणि दुसरा मुलगा घेतला. केतकी वर्षभर एका सायबर कॅफेत फॉर्म भरून देत होती, दाखले छापत होती. मी दोनदा तिच्याकडे गेले. दोन्ही वेळा तिने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि नानांची तब्येत विचारली. तिने एकदा तरी मला बोलून घ्यावं, असं मला वाटत होतं. तिने ते केलं नाही, आणि मलाही माफी मागायला जमलं नाही.

हा मे वेगळा नाही. लॅबला कुलूप आहे, पट्टी आहे, स्टुलावर चौकीदार नवा आहे. बाजा मात्र आता प्रतिष्ठित झाला आहे. तपासणी समिती येते तेव्हा विभागप्रमुख तो मागून नेतात, त्यावर सॅटिनचं कापड घालतात आणि 'हमारा नवाचार', म्हणजे आमचा नवा उपक्रम, म्हणून दाखवतात. मागच्याच आठवड्यात नव्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, आधी बाजावर बसू की फाइल पूर्ण करू?" क्षणभरही न थांबता मी म्हटलं, "आधी फाइल." त्याच्या चेहऱ्यावरचा उत्साह उतरलेला मला दिसला. मी तशीच पुढे चालत गेले.

आज दुपारी केतकी आली. बॅकच्या परीक्षेआधी फाइलवर माझ्या सह्या हव्या असतात. स्टाफरूममध्ये मी एकटीच होते, कूलर पाणी उडवत होता. तिने ओढणीने घाम पुसला, पिशवीतून फाइल काढली आणि माझ्यापुढे दोन्ही हातांनी ठेवली. बारा प्रयोग. निळी शाई, काळे मथळे, पट्टीने आखलेले पडदे, कोपऱ्यात फुली. एकही खाडाखोड नाही. मी एकेक पान उलटून सही करत गेले आणि आठव्या प्रयोगाशी थांबले. सर्व्हरच्या पत्त्याचा शेवटचा आकडा होता तीनशे. हा आकडा दोनशे पंचावन्नच्या पुढे जाऊच शकत नाही. जगातल्या कुठल्याही मशीनचा असा पत्ता नसतो. कधीतरी कुणीतरी चुकलं असेल आणि ती चूक फाइलमधून फाइलमध्ये उतरत आली असेल. इतकी वर्षं मीही तिच्याखाली सही करत आले होते, न वाचता.

"केतकी, हे चूक आहे."

"माहीत आहे, मॅडम."

"मग बरोबर का नाही लिहिलंस?"

तिने फाइल माझ्याकडे अलगद सरकवली. "सगळ्यांच्या फायलीत तीनशेच आहे. बरोबर लिहिलं तर माझी एकटीची वेगळी दिसेल, परत विचारतील." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, हसून म्हणाली, "या वेळेस तुम्ही टेन्शन नका घेऊ मॅडम. मी सगळं शिकून घेतलं आहे."

मी तीनशेच्या खाली सही केली, आणि पान उलटलं.